सगळ्या म्हणजे सगळ्या: एकीच्या बंडाने बाकीच्यांचं नेमकं काय होतं?

खाडीकाठची | १५ जानेवारी, रात्री १०:१०

संक्रांत झाली. आता रथसप्तमीपर्यंत रोज संध्याकाळी कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू. त्यावरून आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतली एक गोष्ट सांगते आणि मग प्रश्न विचारते. हळदीकुंकू असावं की नसावं यावर इथे आधी ढिगाने धागे निघालेत, तो वाद इथे नको.

तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. नर्स होत्या, आता निवृत्त. काका जाऊन बरीच वर्षं झाली. बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाळंतिणीचं, प्रत्येक म्हाताऱ्याच्या शुगरचं त्यांना ठाऊक. इंजेक्शन द्यायला अपरात्री उठवायचं ते त्यांनाच. पण संक्रांतीच्या वाणाला बोलावणं नाही. मुद्दाम अपमान कुणी करत नव्हतं, आणि तेच जास्त लागायचं. 'काकू, तुमचा तिळगूळ वर पाठवून देते हं,' असं गोड बोलून दार लोटलं जायचं.

एका वर्षी काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'रविवारी संध्याकाळी माझ्याकडे हळदीकुंकू. सगळ्या बायकांनी यावं. सगळ्या म्हणजे सगळ्या.' एरवी पाणी जरा उशिरा आलं तरी मेसेजांचा पाऊस पडतो, तो ग्रुप चिडीचूप. शेवटी एकीने लिहिलं, 'ज्यांना चालतं त्यांनी जावं.' त्यावर चार अंगठे.

गेलं कोण? वॉचमनची बायको, भाड्याने राहणाऱ्या आयटीतल्या दोन मुली, काकूंची भाची, माझी आई आणि मी. काकूंनी आम्हाला वाण म्हणून स्टीलच्या डब्या दिल्या आणि उरलेल्या माळ्यावर टाकल्या. मला वाटलं, झालं, इथेच संपलं.

दुसऱ्या वर्षी पहिल्या मजल्यावरच्या आजी गेल्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या, आजोबा हयात, सोवळंओवळं कडक, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. काठी टेकत वर आल्या, काकूंच्या हातून कुंकू लावून घेतलं, त्यांना लावलं आणि तासभर जागच्या हलल्या नाहीत. बातमी खाली पोचली तसा जिना वाजायला लागला. यंदा तर काकूंची तारीख आधी विचारून मग बाकीच्यांनी आपापल्या तारखा लावल्यात.

तर प्रश्न असा. बदललं कुणी, काकूंनी की आजींनी? 'एकटा माणूस काय करणार' हे आपण रोज ऐकतो. इतिहासातली असोत वा जिन्यातली, उदाहरणं द्या. सुविचारांचे फॉरवर्ड नकोत.

रुमालवाला | १५ जानेवारी, रात्री १०:३१

रुमाल टाकून ठेवतो. शनिवारी सविस्तर लिहितो.

तिरपागडे | १५ जानेवारी, रात्री ११:०५

लेख आवडला, पण बंडखोर म्हटलं की सगळ्यांचे डोळे का पाणावतात हे मला कधी कळलं नाही. आमच्या घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये एक गृहस्थ आहेत. मेंटेनन्स 'तत्त्व म्हणून' भरत नाहीत. फायर ब्रिगेडसाठी मोकळी ठेवलेली जागा त्यांना मान्य नाही, म्हणून तिथे गाडी, तीही तत्त्व म्हणूनच. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन आता आणखी तिघांनी मेंटेनन्स थांबवलाय.

एका माणसामुळे समाज बदलतो हे मला पूर्ण मान्य आहे. कुठल्या दिशेला, एवढंच विचारतोय.

आकडेमोड | १६ जानेवारी, सकाळी ८:४०

तिरपागडे, तुमचे गृहस्थ आणि ऐरोलीच्या काकू यांचं गणित एकच आहे, आणि ते कुणीतरी मांडून ठेवलंय.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये एक साधी कल्पना मांडली. चौकात शंभर माणसं आहेत. प्रत्येकाचा उंबरठा वेगळा. एक जण असा की तो कुणाचीच वाट पाहत नाही. दुसऱ्याला आधी एक माणूस पुढे गेलेला दिसावा लागतो, तिसऱ्याला दोन, चौथ्याला तीन, असं करत शेवटच्याला नव्व्याण्णव. या गर्दीत पहिला हलला की ओळीने शंभरच्या शंभर हलतात. आता फक्त एक माणूस बदला. ज्याला एकाचा आधार पुरत होता, त्याला दोघांचा लागतो असं धरा. पहिला हलतो आणि एकटाच राहतो. बाकीचे अठ्ठ्याण्णव तेच, तसेच. बाहेरचा बघून म्हणेल, पहिल्या गावात सगळे शूर, दुसऱ्या गावात सगळे भेकड.

दंगल असो की सुधारणा, हिशोब हाच. मेंटेनन्स बुडवणारे तिघं मनातून तयारच होते, त्यांना एक जण हवा होता.

दुसरं, सोलोमन ॲशचे १९५० च्या दशकातले प्रयोग. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, त्यातली पहिलीएवढी कोणती ते सांगायचं. शेंबड्या पोरालाही येईल. पण खोलीतले बाकीचे सगळे प्रयोगवाल्यांचे, आणि ते एकमुखाने चुकीचं सांगतात. मग खरा बिचारा साधारण तीनातल्या एका वेळी त्यांच्याबरोबर वाहवत जातो. त्या टोळीत एक जण खरं बोलणारा ठेवला की चुका जवळजवळ चौथ्या हिश्शावर येतात. याहून गंमत म्हणजे तो वेगळा बोलणारा स्वतः चुकीचं सांगत असला तरी काही प्रमाणात फायदा होतोच. त्याचं उत्तर कुणी उचलत नाही. इथे एकमत नाही, एवढं दिसलं तरी पुरतं.

आणि एक. हा साथीदार मधेच 'डीनला भेटायचंय' म्हणून उठून गेला तर चुका थोड्या वाढतात, पण त्याने दिलेला धीर बराचसा टिकतो. तो खोलीत बसून पलटी मारून बहुमतात गेला तर मात्र सगळं मुसळ केरात. आपल्याकडच्या राजकारणाशी साम्य वाटल्यास तो योगायोग समजावा.

खाडीकाठची | १६ जानेवारी, सकाळी ९:१५

आकडेमोड, हे भारी आहे. फक्त तुमच्या चौकात शंभर माणसं सारख्या वजनाची दिसतात. आमच्याकडे आजी एकट्याच वीस जणींच्या बरोबरीच्या निघाल्या. मी आणि त्या आयटीतल्या मुली पन्नास वर्षं जात राहिलो असतो तरी बाकीच्या म्हणाल्या असत्या, 'त्यांचं काय, त्यांना काहीच पाळायचं नसतं.' जिला मोडताना खरंच काहीतरी सोडावं लागलं, तिने मोडलं म्हणून जिना वाजला.

लायब्ररीतला उंदीर | १६ जानेवारी, दुपारी १:२०

'पहिलं कोण' यावरून आठवलं. रोझा पार्क्स सगळ्यांना माहीत असतात: अलाबामातलं माँटगमेरी, १ डिसेंबर १९५५, गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार, अटक, आणि मग ३८१ दिवस चाललेला बसवरचा बहिष्कार. शाळेत शिकलेली गोष्ट अशी की एक थकलेली शिंपीण बाई उठली नाही आणि देश हलला.

पण त्याच शहरात त्याच वर्षी २ मार्चला, म्हणजे नऊ महिने आधी, क्लॉडेट कॉल्विन नावाच्या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने हेच केलं होतं. तिलाही अटक झाली. शहर हललं नाही. पुढाऱ्यांना वाटलं, पोर लहान आहे, तापट आहे, हिला पुढे करून लढा उभा राहायचा नाही. पार्क्स बेचाळीस वर्षांच्या, शांत, चर्चमध्ये मान असलेल्या, आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेत वर्षानुवर्षं चिटणीस म्हणून राबलेल्या. अटक झाली त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या यंत्रावर हजारोंनी पत्रकं छापून काढली. काम उभं होतं, माणसं जोडलेली होती, ठिणगी पडायचा अवकाश होता.

म्हणजे कॉल्विन वाया गेली का? बसमधला भेदभाव शेवटी मोडला तो कोर्टातल्या खटल्याने, आणि त्या खटल्यातल्या फिर्यादींमध्ये कॉल्विन होती. पार्क्स नव्हत्या. पुतळे मात्र कुणाचे उभे राहतात ते आपण पाहतोच.

आगरी पोर | १६ जानेवारी, दुपारी ३:४५

नवी मुंबईचा धागा, तारीख १६ जानेवारी, आणि अजून दिबांचं, म्हणजे दि. बा. पाटलांचं, नाव कुणी काढलं नाही? कमाल आहे.

१९८४ साली आजच्याच दिवशी दास्तान फाट्याला आणि दुसऱ्या दिवशी नवघरला, जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी गेले. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं तेव्हा ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी घ्यायचं ठरलं. आपण ऐरोली-नेरुळात बसून हे टाइप करतोय ती हीच जमीन. दिबा त्या लढ्याचे पुढारी. त्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: जेवढी जमीन घेतली त्याच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. २०२१ च्या जूनमध्ये विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून मानवी साखळी झाली, सिडकोला घेराव झाला. त्यात १९८४ नंतर जन्मलेली पोरं किती होती ते बघायला हवं होतं.

पण 'एकटा' म्हणू नका. दिबा वकील होते, पाच वेळा आमदार, मागे शेतकरी कामगार पक्षाची गावागावातली माणसं. आणि त्याच्याही मागे चरीचा संप आहे. अलिबागजवळच्या चरीत १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी खोतांची शेती कसायला नकार दिला आणि संप १९३९ पर्यंत चालला. जंगलातली लाकडं तोडून, मोळ्या विकून लोकांनी दिवस काढले. एकाने नाही म्हटलं असतं तर खोताने दुसरं कूळ लावलं असतं. सगळ्यांनी म्हटलं म्हणून शेतं ओस पडली.

आता तुमच्या आजींसारखी आमची गोष्ट. घणसोलीत आमच्या एका काकाने पोराच्या हळदीला डीजे आणि दारू ठेवली नाही. हळदीला काय खर्च होतो हे बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही, लोक त्यासाठी कर्ज काढतात. पाहुणे तोंडावर हसले, मागे चिंगूस म्हणाले. पुढच्या सीझनला आणखी दोन घरांनी तेच केलं. त्यातला एक मला हळूच म्हणतो, 'मना पन नको होता रं यो खर्च.' सगळ्यांनाच नको होता. फक्त आपलं नाव आधी कुणी खराब करून घ्यायचं, एवढ्यावर अडलं होतं.

जाता जाता, आमच्यात पूर्वी लग्न लावायला धवलारीण असायची. बाई. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात सगळे विधी तीच करायची. कुठली रीत जुनी आणि कुठली बंडखोरी, हे जरा तपासून बघा.

तिरपागडे | १६ जानेवारी, सायंकाळी ६:३०

हा प्रतिसाद आवडला. चिंगूस काकांना माझ्याकडून एक मिसळ.

नौपाडकर | १६ जानेवारी, रात्री ९:००

ठाण्याचं उदाहरण शेजारी असताना सगळे अलाबामाला कशाला जाताय?

आवाजाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. कागदावर. प्रत्यक्षात गणपती, नवरात्र, दहीहंडीला खिडक्यांची तावदानं थरथरायची, आणि पोलिसांना फोन केला की पहिला प्रश्न: तुमचं नाव काय, राहता कुठे? अर्ध्या तासात ते नाव मंडपात पोचलेलं. मग कोण फोन करणार?

ठाण्यातले डॉक्टर महेश बेडेकर यांनी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. निकाल ऑगस्ट २०१६ मध्ये लागला, न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाचा. मधली वर्षं त्यांना धर्मद्रोही वगैरे काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल याची कल्पना करा, ठाण्यात राहून. निकालात रस्त्यावरचे मंडप, आवाज मोजायची यंत्रं, तक्रार घ्यायची व्यवस्था, सगळं आहे. माझ्या मते त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट लहानशी आहे: तक्रार करणाऱ्याची ओळख ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला कळू द्यायची नाही.

डीजे थांबले का? नाही. यंदाही कानात बोळे घालून झोपलोय. पण आमच्या गल्लीत आता फोन करणारे बरेच झालेत आणि ते कोण हे मलाही माहीत नाही. आकडेमोड, तुमच्या भाषेत हा उंबरठा खाली आणणं झालं ना? एकाने सहा वर्षं घासली आणि बाकीच्यांचं धाडस एका निनावी फोनवर आलं.

आकडेमोड | १६ जानेवारी, रात्री ९:२२

अगदी तेच. मी एवढं लिहून जे सांगू शकलो नाही ते तुम्ही एका फोनमध्ये सांगितलंत.

जुनाट कागद | १७ जानेवारी, सकाळी ११:१०

चरीवरून सुचलं. कुठलीही रूढी चालवायला कुणाचे तरी हात लागतात, आणि बंड तिथे झालं की ते लवकर लागू पडतं.

१८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे. शास्त्रार्थाचे वाद पुण्या-मुंबईत त्याआधी किती वर्षं चालले होते. न्हाव्यांनी त्यात भागच घेतला नाही. वस्तरा चालवणार नाही, एवढंच म्हणाले.

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं. करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे. एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडताना, कुंकू पुसताना त्यांनी पाहिलं. मग त्यांनी स्वतःच स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर हे करू नये. एका नवऱ्याचा एक कागद. त्या विचारातून मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असं सांगितलं.

यात मला आवडतं ते हे की झिंजाड्यांनी नुसतं दुसऱ्यांना सांगितलं नाही. आधी स्वतःच्या मरणापुरतं लिहून दिलं. त्यावर गावाला हरकत तरी काय घेता येणार?

तिरपागडे | १७ जानेवारी, दुपारी १२:४०

सगळी उदाहरणं जिंकलेल्यांची येताहेत, म्हणून एक हरलेला मांडतो.

र. धों. कर्वे. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं ते १९५३ मध्ये मरेपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी हरले. वडील धोंडो केशव कर्वे: १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून गावाने वाळीत टाकलं, पुढे भारतरत्न. मुलाच्या वाट्याला काय? लोक आजही नाव ऐकून खाकरतात.

तुमच्या गणितातला तो एकटा पडलेला पहिला माणूस, तो पुढे काय खातो, कुठे राहतो, याचं मॉडेल आहे का कुणाकडे?

जुनाट कागद | १७ जानेवारी, दुपारी २:१५

प्रश्न रास्त आहे. मॉडेल नाही. पण अगदी एकटे म्हणू नका. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या बाजूने ठराव आला, तो बाबासाहेबांच्या पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मांडला, बाबासाहेबांच्या वतीने. तोही फेटाळला गेला. १९५२ मध्ये सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तेव्हा कर्वे हयात होते. पुढच्या वर्षी गेले. कोर्टात हरलेला खटला वकिलाने चार वर्षांनी विधिमंडळात पुन्हा उभा केला, हे मला कमी वाटत नाही. कर्व्यांची नोकरी त्याने परत आली नाही, हेही खरं.

मुंब्र्याची | १७ जानेवारी, रात्री ८:५०

वाचनमात्र असते, आज लिहिते. आमचं मूळ घर चिपळूणकडचं. समाजसुधारक हमीद दलवाईंचं मिरजोळी त्याच बाजूला.

१८ एप्रिल १९६६ ला दलवाईंनी मुंबईत मोर्चा काढला, तोंडी तलाकविरुद्ध. मोर्चात बायका किती? सात. पेपरात चेष्टा झाली असेल तर नवल नाही, सात जणींचा कसला मोर्चा. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं, १९७७ मध्ये दलवाई गेले, पंचेचाळिशीही गाठली नाही. सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ ला. एक्कावन्न वर्षं.

दोन गोष्टी बोलायच्या आहेत. पहिली, दलवाईंचं नाव सगळे घेतात, त्या सात जणींची नावं इथे किती जणांना येतात? संध्याकाळी त्या आपापल्या घरी परत गेल्या असतील ना. दलवाईंना व्यासपीठ होतं, मित्र होते. त्या सात जणींना दार उघडायला सासू. दुसरी, २०१७ च्या निकालावर पुढे कोणी कसं राजकारण केलं ते मला आवडलेलं नाही, पण म्हणून १९६६ चा मोर्चा चुकला असं मी म्हणणार नाही. बंड करणाऱ्याला आपल्या मागून कोण कोण चालत येईल हे निवडता येत नाही.

तिरपागडे | १७ जानेवारी, रात्री ९:३०

शेवटचं वाक्य माझ्या टॉवरमधल्या गृहस्थांनाही लागू आहे, फक्त उलट्या बाजूने. बाकी प्रतिसादाला दंडवत. लिहित्या राहा.

(रुमालवाले, शनिवार संपत आला.)

रुमालवाला | १७ जानेवारी, रात्री ९:४१

सगळ्यांनी सगळं लिहून टाकलं. रुमाल उचलतो.

कळव्याची | १८ जानेवारी, दुपारी ४:०५

मीही वाचनमात्र. मुंब्र्याच्या ताईंनी सात जणींचं लिहिलं म्हणून बळ आलं.

तुम्ही सगळे पहिलीबद्दल बोलताय. मी दुसरी आहे. आमच्या कळव्याच्या सोसायटीतही अशाच एक मॅडम आहेत, शिक्षिका होत्या. त्यांनी हळदीकुंकवाला विधवांना बोलवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी मी गेले नाही. नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं, कुणी मला चळवळीत ओढावं असं वाटत नव्हतं. दुसऱ्या वर्षी गेले. हिंमत आली म्हणून नाही. पहिल्या वर्षी ज्या गेल्या होत्या त्यांचं पुढे काय होतं ते वर्षभर गुपचूप बघत होते. भाजीवालीपाशी कोण बोलतं, कोण टाळतं. कुणाचं काहीच झालं नाही. म्हणून गेले.

आणि एक खरं सांगते, राग मानू नका. त्या मॅडम मला फारशा आवडत नाहीत. मला भेटल्या की माझ्या खांद्यावर हात ठेवून असं बघतात जणू मला विहिरीतून वर काढलंय. चार बायकांत 'ही आमची धीट मुलगी' म्हणतात. मी बँकेत नोकरी करते, दोन मुलं शिकवतेय, मला कुणाची धीट मुलगी व्हायचं नाहीये. पण त्यांनी पहिल्यांदा दार उघडलं नसतं तर मी माझं उघडलं नसतं, हेही तेवढंच खरं. उपकार मानायचे आणि चिडायचं, दोन्ही एकदम चालू असतं.

यंदा मी माझ्या घरी ठेवलं. मॅडमना बोलावलं. त्या दिवशी वाण द्यायला त्या आपणहून पुढे झाल्या, तेव्हा म्हटलं, 'मॅडम, बसा. आज मी देते.' जरा खट्टू झाल्या, मग बसल्या.

पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे कल्याणला. औक्षणाला मी उभी राहायचं, असं जाऊबाईंनीच ठरवलंय. सासूबाईंनी अजून हो म्हटलेलं नाही.

खाडीकाठची | १८ जानेवारी, दुपारी ४:२०

दहा वेळा वाचला हा प्रतिसाद. आमच्या काकूंनीही माझ्या आईला असं केलंय का ते आता विचारते. आणि सासूबाईंना समजावतंय कोण?

कळव्याची | १८ जानेवारी, दुपारी ४:३८

कुणीच नाही. त्यांना समजावून काही उपयोग नसतो, आवाज चढतो आणि बीपी वाढतं. त्यांची धाकटी बहीण आहे, मावशी, पंच्याहत्तरीची. औक्षणाला येतेस का, असं तिलाही कुणी कधी विचारलेलंच नव्हतं. मी फोन करून विचारलं, औक्षणाला माझ्या शेजारी उभी राहशील का? ती म्हणाली, साडी कुठली नेसायची ते आधी सांग.

मावशी ताट घेऊन पुढे झाली तर सासूबाई फोटोतून बाहेर राहायच्या नाहीत. बहिणीपेक्षा मागे त्या आयुष्यात कधी राहिलेल्या नाहीत.